यतीनच्या नावावर

यतीनच्या हातातली गिटारची पेटी पाहिली आणि फोनवरच्या "येऊन बोलू, वहिनी"चा अर्थ शोभनाला दारातच कळला.

मार्चचा तिसरा रविवार होता. तापमान शून्याच्या वर चार अंश होतं आणि मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातल्या सगळ्या ड्राइव्हवेंच्या कडेला साचलेला काळपट बर्फ पाणी सोडत होता. यतीनने गॅरेजमधून आत येताना बूट काढले, पेटी भिंतीला उभी टेकवली, हात काढून ती घसरत नाही ना हे पाहिलं आणि मग वाकून शोभनाला नमस्कार केला. शैला मागून बॅगा ओढत आली.

"शोभनाताई, चकल्या फुटल्या असणार. एअरपोर्टवर त्या माणसाने डबा हलवून पाहिला."

"फुटलेल्या आधी संपतात. आत ये, थंडी आहे."

"ही थंडी? तुमच्याकडे हा उन्हाळा असेल."

शोभना हसली नाही, पण तिने शैलाच्या हातातली बॅग घेतली.

शोभनाचे 'हे' जाऊन चार महिने झाले होते. जानेवारीत सेंट पॉलच्या एका छोट्या संगीत-संग्रहालयाचं पत्र आलं. मिनेसोटात राहून गाणी लिहिणाऱ्यांची नावं ते दरवर्षी एका दगडी भिंतीवर कोरतात. यंदा एप्रिलमध्ये तीन नावं कोरायची होती आणि त्यातलं एक होतं वाय. खांबेटे, 'जंपर केबल्स' आणि आणखी चाळीस रॉक अँड रोल गाण्यांचे लेखक. पत्र ईडन प्रेरीला आलं नाही. ते न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला गेलं, कारण वाय. म्हणजे यतीन. आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गाणी लिहिली होती शोभनाच्या नवऱ्याने, यतीनच्या थोरल्या भावाने, आधी मिनिॲपोलिसमधल्या भाड्याच्या जागेत आणि मग या घराच्या तळघरात.

आज चार वाजता संग्रहालयाची बाई मुलाखत रेकॉर्ड करायला आणि जुने कागद पाहायला येणार होती. मुलाखत या घरात का, तर माझे जुने कागद भावाच्या घरी आहेत असं यतीनने तिला कळवलं होतं. माझे, असं त्याने लिहिलं होतं. त्या ईमेलची कॉपी त्याने शोभनालाही पाठवली होती. लपवाछपवी करणारा माणूस नव्हता तो.

शोभनाला एकच गोष्ट हवी होती. चार वाजता यतीनने त्या बाईला खरं नाव सांगावं. भिंत दगडाची होती, एकदा कोरलं की कोरलं. तिने सकाळी हे पुन्हा एकदा कादंबरीला बोलून दाखवलं तेव्हा तिची ही एकुलती एक मुलगी काकड्या चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"आई, मी काकांना काही सांगणार नाही. बाबांना मी शब्द दिलाय. तुला सांगायचं तर तू सांग."

"सांगितलं फोनवर."

"मग झालं."

काही झालं नव्हतं. गिटार भिंतीला टेकून उभी होती.

*

सिद्धेश शिकागोहून सहा तास ड्राइव्ह करून पोचला तेव्हा ताटं मांडलेली होती. यतीन आणि शैलाचा हा मुलगा डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या एका शाळेत संगीत शिकवायचा. मिठाईच्या दुकानातून त्याने काजूकतलीचा डबा आणला होता आणि खिशात प्रश्नांची यादी. वडिलांची मुलाखत नीट व्हावी म्हणून ती त्याने आठवडाभर खपून केली होती.

"डॅड, प्रॅक्टिस करू या. ती पहिला क्वेश्चन हाच विचारणार. जंपर केबल्स कसं सुचलं?"

"जेवताना कशाला," यतीन म्हणाला.

"जेवतानाच. तू जेवताना बेस्ट सांगतोस."

सिद्धेशला ही गोष्ट पाठ होती, तरी ती ऐकायला त्याला आवडायची. चौऱ्याऐंशीचा जानेवारी, फॅरेनहाइटमध्ये उणे तीस, बॅटरी मेलेली एक जुनी गाडी, आणि शेजाऱ्याचं दार वाजवायला लाजणारा, या देशात नवा आलेला एक माणूस. पुढे ते गाणं 'लॉक अँड डॅम' नावाच्या बँडने मिनिॲपोलिसच्या बारमध्ये गायलं. मग मिडवेस्टमधले कितीतरी बँड ते आपलंच असल्यासारखं वाजवू लागले. सिद्धेश मुलांना शिकवताना सांगायचा की रॉक अँड रोलमधल्या गाड्या नेहमी पळतात, खांबेटेंच्या गाण्यातली गाडी जागची हलत नाही, आणि तरी गाण्याचा वेग पाहा. नव्वदनंतर गाणी लिहायला लागलेले कितीतरी लोक म्हणायचे की फर्नेसवर, बर्फाच्या फावड्यावर, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पत्रावर गाणं होऊ शकतं हे आम्हाला खांबेटेंकडून कळलं.

"तर मी त्या दारापुढे उभा," यतीन भात कालवत सांगत होता. "पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात वर करतो, खाली घेतो. मनात येतं, आपण या माणसाचे कोण. शेवटी शेजाऱ्यानेच दार उघडलं. एक शब्द बोलला नाही. केबल्स आणल्या, त्याच्या गाडीच्या बॅटरीवरून माझ्या बॅटरीला लावल्या, आणि—"

"मिसेस ओल्सन," शोभना म्हणाली.

ती वाटीत आमटी वाढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"शेजारी नव्हता, मिसेस ओल्सन होत्या. झोपायच्या गाऊनवर नवऱ्याचा कोट घालून आल्या होत्या. मी खिडकीतून बघत होते, कादंबरी कडेवर होती."

सिद्धेशने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "काकू, तू तिथे होतीस? डॅड, तू तर म्हणायचास की त्या विंटरला तू इथे एकटा राहत होतास."

"आई, त्याला भात वाढ," कादंबरी म्हणाली.

"मला भात नको. डॅड?"

यतीनने पाण्याचा पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तो परत ठेवला.

"सांग त्याला," शैला म्हणाली.

"शैला, आत्ता नको."

"मग कधी? चारनंतर? तू नाही सांगितलंस तर मी सांगते." तिने मुलाकडे तोंड वळवलं. शैला दहाव्या वर्षापासून न्यू जर्सीत वाढली होती आणि अवघड गोष्ट मराठीत सांगायची तर ती फार हळू बोलायची. "सिद्धू, दादांकडे, तुझ्या मोठेकाकांकडे, तेव्हा वर्क व्हिसा होता. ग्रीन कार्डची फाइल आत गेलेली. इथल्या एका पॉटलक जेवणाला कुणीतरी म्हणालं की व्हिसावरच्या माणसाने बाहेर एक डॉलर जरी कमावला तरी फाइल बंद. खरं-खोटं कुणी चेक केलं नाही. आपले लोक डॉक्टरला दुसरं ओपिनियन विचारतात, फॉर्मच्या बाबतीत पॉटलकवर विश्वास ठेवतात. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डवाला माणूस कागद घेऊन आला, गाणं कुणाचं म्हणून विचारायला. तुझ्या डॅडला माझ्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेलं. म्हणून दादांनी डॅडचं नाव लिहिलं. दोन वर्षांसाठी."

"आणि दोन वर्षांनी?"

"ग्रीन कार्ड यायला सात वर्षं लागली. मग सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू. तिथे ऑफिसर विचारतो, सरकारला कधी खोटी माहिती दिलीत का. दादा नाही म्हणाले. त्यानंतर नाव बदललं असतं तर ते उत्तर खोटं ठरलं असतं. राहिलं मग ते तसंच."

"सगळी फॉर्टीवन?"

"सगळी," यतीन म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "आलेलं सगळं मी दादाला पाठवलं. स्वतःकडे काही ठेवलं नाही."

"सो यू रोट नथिंग."

"नाव माझं होतं."

सिद्धेशने प्रश्नांची यादी घडी करून परत खिशात घातली. काजूकतलीचा डबा अजून कुणी उघडला नव्हता. "कागद कुठे आहेत?" त्याने कादंबरीला विचारलं.

*

कादंबरी एका हॉस्पिटलमध्ये बायोस्टॅटिस्टिक्सचं काम करायची. तळघरात कागदांचे नऊ खोके तिने वर्षांप्रमाणे लावून ठेवले होते. तिने चौथा उघडला.

कागद हिरवट होते, इंजिनिअर वापरतात तसे चौकटीचे. बाबांनी थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं टेस्टिंग केलं. बँडचा गायक डेल तिथेच असेंब्ली लाइनवर होता आणि त्यांची ओळख कॅन्टीनमधली. एका चौकटीत शब्दाचा एक तुकडा, जोर द्यायच्या चौकटी पेन्सिलने काळ्या केलेल्या, खाडाखोड जवळजवळ नाही, कारण चुकलेला कागद ते पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. उजव्या समासात, इंग्रजी ओळीच्या शेजारी, बारीक मराठी अक्षर होतं. सिद्धेशने एक कागद उजेडात धरला आणि अडखळत वाचलं. बॅटरी मेली. दार वाजवायला लाज वाटते. आपण यांचे कोण.

"आधी मराठीत लिहायचे?"

"आधी काय म्हणायचंय ते. कविता नाही, नुसतं विधान. मग त्याचं गाणं. ते झालं की कॅसेट गाडीत लावायची आणि रोड टेस्ट. मी मागे बसायचे, स्टॉपवॉच घेऊन. सात-आठ वर्षांची असेन. गाणं आवडलं का असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, कंटाळा कितव्या सेकंदाला आला. मी सांगायचे, एक मिनिट बावन्न. घरी आले की तिथेच कात्री."

सिद्धेश जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. "माझ्या क्लासमध्ये दर सप्टेंबरला पहिलं गाणं हेच असतं. मी मुलांना सांगतो, माझ्या डॅडने लिहिलंय. चौदा वर्षं सांगतोय. मोठेकाकांना माहीत होतं?"

"होतं."

"काय म्हणाले?"

"विचारलं की कुठल्या स्पीडने शिकवतो."

तो हसला आणि मग त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. कादंबरी उभीच राहिली. तिला आठवलं की चौदा वर्षांचा सिद्धेश याच खोलीत हे गाणं वाजवून दाखवत होता आणि बाबा मधेच म्हणाले होते, दुसऱ्या ओळीला थांबू नकोस, पुढे पळ. समोर यतीनकाका बसले होते. तेही मान डोलावून म्हणाले होते, हो, पुढे पळ.

"कादंबरी, आज हे सांगायला हवं."

"मी बाबांना शब्द दिलाय. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, यतीनला उघडं पाडू नका. त्याने माझ्यासाठी केलं. मी हो म्हटलं."

"काकूला पण विचारलं त्यांनी?"

"नाही."

"का नाही?"

कादंबरीने खोक्याचं झाकण लावलं. या प्रश्नाचं उत्तर तिला चार महिने ठाऊक होतं, पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने ते तपासून पाहिलं नव्हतं.

"कारण आई नाही म्हणाली असती," ती म्हणाली.

*

यतीन गॅरेजमध्ये उभा होता. थोरल्या भावाची बर्फ उपसायची फावडी भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेली होती. शैला आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"सिद्धू काय म्हणाला?" यतीनने विचारलं.

"खाली आहे, कादंबरीबरोबर. तुला काय वाटतं, काय म्हणेल?"

यतीनने एक फावडं खिळ्यावर सरळ केलं. पस्तीस वर्षं त्याने डेटाबेस सांभाळले होते. त्या कामाचा गुण असा की ते नीट चाललं तर कुणाला कळतही नाही. शहाण्णव साली पिस्कॅटवेच्या गणपतीत एका विद्यार्थ्याने रेकॉर्डचं कव्हर पुढे केलं आणि विचारलं, काका, हे तुमचंच नाव ना? नाव त्याचंच होतं. तिथपर्यंत तो खोटं बोलला नव्हता. मग मुलगा म्हणाला, म्हणजे जंपर केबल्स तुम्ही लिहिलंत, आणि आजूबाजूची चार माणसं वळून पाहू लागली. त्या क्षणी यतीन नुसता हसला. पुढच्या वर्षी मंडळाने त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. गिटार त्यानंतर घेतली.

"मी दादाला त्याच दिवशी फोन केला होता," तो म्हणाला. "शाल मिळाली त्या दिवशी. सांगितलं, दादा, असं असं झालं. तो म्हणाला, छान आहे की. कुठल्या रंगाची?"

"ते तसेच होते. म्हणून तू ती शाल ठेवायची होती असं नाही."

"तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा सिद्धू दहा वर्षांचा होता आणि तुझ्याकडे असा बघायला लागला होता." शैलाने मान वर करून दाखवलं. "मला ते बघायला आवडायचं. त्यात माझी पण चूक आहे. पण आज मी शोभनाताईंच्या शेजारी बसणार आहे. तुझ्या नाही."

"मी सांगितलं तर तो मला काय समजेल?"

"ते त्याला दुपारीच समजलंय. आता फक्त तू त्या बाईपुढे काय बोलतोस तेवढंच उरलंय."

*

साडेतीन वाजता कादंबरी संग्रहालयाचं पत्र घेऊन वर आली. सोबतच्या नियमांच्या दोन पानांवर तिने एक ओळ अधोरेखित केली होती. ती तिने सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

"आई, हे ऐक. लेखक कोण यावर शंका आली तर नाव त्या वर्षीच्या यादीतून काढतात. मग चौकशी. किती वर्षं ते लिहिलेलं नाही. पुन्हा घेतीलच असंही नाही. डेल जाऊन सतरा वर्षं झाली. बँडमधलं आता सांगणारं कुणी नाही. फक्त कागद आहेत."

"म्हणजे खरं सांगितलं तर काहीच लागणार नाही," शोभना म्हणाली.

"कदाचित नाही. आणि नाही सांगितलं तर खांबेटे लागेल. मी तुला थांबवत नाहीये. बाबांनी तुला विचारायला हवं होतं, ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून आता मी विचारते. पण हा हिशेब तुला माहीत असायला हवा."

यतीन पुढे झाला. "वहिनी, तुम्ही सांगाल ते मी करतो. खरंच करतो. पण आडनाव तरी लागू द्या. आडनाव दादाचंच आहे."

"आडनाव माझंही आहे, भाऊजी. मग माझं लावा."

सिद्धेश खिडकीपाशी उभा होता, त्याची पाठ सगळ्यांकडे.

शोभनाला राग आला नव्हता, आणि याचं तिलाच नवल वाटलं. समोरचा माणूस एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने खरोखरच तिच्या नवऱ्यासाठी जोखीम घेतली होती. ह्यांना भेटायला येणाऱ्या पाहुण्यांत वर्षातून दोनदा न चुकता येणारा तोच होता. तिने त्याला किती वेळा जेवायला वाढलं असेल याचा अंदाजही करता येत नव्हता. पण भिंतीपुढे उभं राहून वाय. वाचायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचं की हो, आमच्यातलेच, हे तिने मनात करून पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

"हे कुणाजवळ काही मागायचे नाहीत," ती म्हणाली. "मिसेस ओल्सनचं दार त्या दिवशी ह्यांनी वाजवलंच नाही. मी खिडकीतून हात हलवून त्यांना खुणा केल्या, म्हणून त्या उठल्या. ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, ह्यांनाही नाही. ह्यांना वाटलं, माणसं आपणहून येतात. सगळं आयुष्य तसंच वाटत राहिलं." तिने पत्राची घडी घातली. "भिंत रिकामी राहिली तर राहू दे. भाऊजी, तुम्ही खरं सांगा."

*

नोरा लिंडक्विस्ट साठीची होती. दारात कुणी न सांगता तिने बूट काढले आणि जाड लोकरी मोजे घालून ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. चहा साखरेशिवाय घेतला. भिंतीला टेकलेली गिटार पाहून म्हणाली, मुलाखत झाली की एखादं वाजवाल ना, आणि यतीन म्हणाला, आधी मुलाखत होऊ द्या.

तिने मुठीएवढं मशीन टेबलावर ठेवलं. दिवा लाल झाला.

"सुरुवात नेहमीसारखीच," ती म्हणाली. "तुमचं नाव, आणि तुमचा या गाण्यांशी संबंध."

शैला शोभनाच्या शेजारी बसली होती. कादंबरी उभी होती. यतीनने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"माझं नाव यतीन खांबेटे," तो इंग्रजीत म्हणाला. "या एक्केचाळीस गाण्यांवर माझं नाव आहे. यातलं एकही गाणं मी लिहिलेलं नाही. ती माझ्या भावाने लिहिली. आम्ही घाबरलो होतो म्हणून माझं नाव दिलं. नंतर घाबरण्याचं कारण उरलं नाही, पण मला ते आवडायला लागलं होतं."

शेवटचं वाक्य त्याने ठरवलेलं नसावं, असं शोभनाला वाटलं. तो थांबला आणि त्याने पहिल्यांदाच खिडकीकडे पाहिलं. सिद्धेश तिथून निघून टेबलापाशी आला. वडिलांकडे न पाहता त्याने त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.

नोराने मशीन बंद केलं. मग तिने विचारलं की कागद कुठे आहेत. ती कादंबरीबरोबर खाली गेली आणि वीस मिनिटांनी वर आली. तेवढ्या वेळात शैलाने चहाचे कप उचलले आणि परत तिथेच ठेवले.

"मी आज काही ठरवू शकत नाही," नोरा उभ्यानेच म्हणाली. "बुधवारी यादी दगड कोरणाऱ्याकडे जाते. त्यातून मला नाव काढावं लागेल. कागद समितीपुढे ठेवीन. वर्ष लागेल, दोन लागतील. होईलच असं वचन देणं बरोबर ठरणार नाही. मला वाईट वाटतं, मिसेस खांबेटे."

"काढा," शोभना म्हणाली.

"तुम्हाला समजलं ना, की कदाचित—"

"समजलं. काढा."

नोराने मान हलवली आणि ती खाली बसली. पिशवीतून तिने एक कोरा फॉर्म काढला, वर तारीख घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चौकशीसाठी नवी नोंद उघडावी लागते, ती म्हणाली. त्यात पहिली गोष्ट म्हणजे लेखकाचं पूर्ण नाव, कुटुंबातल्या माणसाने, स्वतःच्या आवाजात.

यतीनने तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तर वर्षं तो त्यांना दादा म्हणत आला होता. कादंबरीचे ते बाबा होते, सिद्धेशचे मोठेकाका. ऑफिसात त्यांना गुरू म्हणत, बँडमधले गॅरी म्हणायचे. नावाने हाक मारणारी त्यांची आई होती, ती जाऊन तेवीस वर्षं झाली. शोभनाने लग्नात, सगळे हसत असताना, उखाण्यात ते एकदा घेतलं होतं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं अहो. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं तेव्हासुद्धा तिने इन्शुरन्सचं कार्ड पुढे केलं होतं.

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने मशीनकडे पाहिलं.

"गुरुनाथ वामन खांबेटे," ती म्हणाली.

नोरा मशीनवर वाकली. आवाज फार हळू आला होता, ती म्हणाली, पुन्हा एकदा सांगता का.

शोभनाने घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.